‘आनंदी’चं टिंब का पडलं? कटिंग मशीनसाठी अक्षरांभोवती आउटलाइन कशी द्यायची

आजचा विषय तसा छोटा आहे, पण ज्यांच्या घरी क्राफ्ट कटिंग मशीन आहे किंवा जे घ्यायचा विचार करतायत, त्यांचे बरेच कागद आणि पैसे यामुळे वाचतील. विषय आहे ऑफसेट, म्हणजे एखाद्या आकाराभोवती ठरावीक अंतरावरून फिरणारी आउटलाइन.

माझं गाव सोयगाव. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. सोयगावला माझी मावसबहीण घरूनच केक टॉपर, बारशाचे बोर्ड आणि स्टिकर बनवून देते. तिच्याकडे एक छोटं कटिंग मशीन आहे आणि मटेरियल जळगावहून किंवा ऑनलाइन येतं. गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी असताना तिने एका बारशासाठी ‘आनंदी’ असं नाव कापून दिलं. सोनेरी कार्डशीट, सुंदर फॉन्ट, सगळं मस्त. संध्याकाळी फोटो आला. पाळण्यामागे बोर्ड लावलाय आणि त्यावर लिहिलंय ‘आनदी’.

टिंब मशीनच्या चिकट मॅटवरच राहिलं होतं. पॅक करताना कुणाच्या लक्षात आलं नाही. बाळाच्या आत्याने शेवटी पर्समधली लाल टिकली काढून ‘न’च्या डोक्यावर चिकटवली आणि बारसं पार पडलं. लोक हसले, पण माझ्या बहिणीला रात्री जेवण गेलं नाही. ती म्हणाली, “दादा, पैसे परत देईन रे, पण पोरीचं नावच चुकलं ना माझ्या हातून.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो. त्या दिवशी जे कळलं ते आज तुम्हाला सांगतोय.

ऑफसेट म्हणजे नेमकं काय?

टेबलावर एक बांगडी ठेवा आणि तिच्या बाहेरच्या कडेला टेकवून एक रुपयाचं नाणं फिरवा. नाण्याचा मध्यबिंदू ज्या वाटेने जाईल, ती वाट म्हणजे बांगडीचा ऑफसेट. अंतर किती? नाण्याच्या त्रिज्येएवढं. सॉफ्टवेअर हेच करतं. तुम्ही ५ मिमी ऑफसेट सांगितला की ५ मिमी त्रिज्येचं एक काल्पनिक नाणं तुमच्या आकाराच्या कडेकडेने फिरतं.

यातून तीन गोष्टी लगेच कळतात:

१. डिझाइन चारही बाजूंनी वाढतं. ५ मिमी ऑफसेट दिला की रुंदी ५ नाही, १० मिमीने वाढते. ए४ कागद २९७ मिमी लांब असतो. त्यावर २९० मिमीचं नाव बसतं, पण ५ मिमीच्या आउटलाइनसकट ते ३०० मिमी होतं आणि कागदाबाहेर जातं.

२. अरुंद फटी बुजतात. दोन भागांमधली फट ऑफसेटच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर दोन्हीकडून आलेल्या आउटलाइन एकमेकींत मिसळतात.

३. आतली भोकं लहान होतात. ‘व’ किंवा ‘ब’च्या पोटातली मोकळी जागा आतून भरत येते आणि पुरेशी लहान असेल तर नाहीशी होते.

दुसरा मुद्दा नीट लक्षात ठेवा, टिंबाचं उत्तर त्यातच आहे.

जाड रेष म्हणजे ऑफसेट नाही

नवीन लोक सर्वात जास्त इथे फसतात. सॉफ्टवेअरमध्ये अक्षराला ५ मिमी जाडीची पांढरी किनार दिली की स्क्रीनवर ती अगदी आउटलाइनसारखी दिसते. पण मशीनच्या ब्लेडला जाडी कळत नाही. त्याला फक्त रेषेचा मार्ग कळतो. त्यामुळे कापताना ब्लेड मूळ अक्षराच्या कडेवरूनच जातं आणि तुमची सुंदर किनार स्क्रीनवरच राहते.

ऑफसेट केल्यावर मात्र नवीन मार्ग तयार होतो. तो वेगळा आकार असतो, वेगळ्या रंगाच्या कागदातून वेगळा कापता येतो. एसटी स्टँडजवळच्या रेडियमच्या दुकानात ट्रॅक्टर-ट्रॉलीवरचं ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ बघा. लाल अक्षरं वर आणि खाली थोडा मोठा पिवळा थर. तो पिवळा थर म्हणजे ऑफसेट. क्राफ्ट मशीन नवीन असतील, पण हे काम आपल्याकडे जुनंच आहे.

मराठी अक्षरांची खरी अडचण

बहुतेक शिकवणीचे व्हिडिओ इंग्रजी अक्षरांवर बनवलेले असतात. त्यात प्रत्येक अक्षर वेगळं उभं असतं. देवनागरीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही उलट दिशेच्या आहेत.

पहिली: जे जोडलेलं दिसतं ते आतून सुटं असतं. शिरोरेषा आपल्याला सलग दिसते, पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते. मध्ये फट दिसू नये म्हणून ती शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. स्क्रीनवर काही कळत नाही. पण मशीन प्रत्येक अक्षर वेगळं कापतं आणि शिरोरेषेवर जागोजागी उभे काप पडतात. उचलायला गेलं की शब्दाचे तुकडे हातात. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तर काना आणि अर्धं अक्षरसुद्धा वेगवेगळे तुकडे असतात, म्हणजे काप आणखी वाढतात.

दुसरी: जे एक अक्षर म्हणून वाचतो ते खरोखर सुटं असतं. अनुस्वार, विसर्ग, ॐ वरचा चंद्रबिंदू हे शब्दाला कुठेच चिकटलेले नसतात. बऱ्याच फॉन्टमध्ये ‘डॉ.’वरचा चंद्रही हवेत असतो. इंग्रजीत ‘आय’वरचं टिंब पडलं तरी शब्द वाचता येतो. मराठीत टिंब पडलं तर शब्दच बदलतो. ‘आनंदी’चं ‘आनदी’ होतं, ‘वेदांत’चं ‘वेदात’ होतं.

म्हणून आपल्याकडे ऑफसेट ही नुसती सजावट नाही. पूर्ण शब्द एका तुकड्यात ठेवणारा तोच आधार आहे. पण तो योग्य क्रमाने आणि योग्य अंतराने दिला तरच.

क्रम: आधी वेल्ड, मग ऑफसेट

माझ्या बहिणीने दुसऱ्या प्रयत्नात ऑफसेट दिला होता, पण अक्षरं न जोडता. काही सॉफ्टवेअर अशा वेळी प्रत्येक अक्षराभोवती वेगळी आउटलाइन देतात आणि त्या एकमेकींवर चढलेल्या राहतात. म्हणजे मूळ दुखणं तसंच, फक्त मोठ्या आकारात. म्हणून क्रम पाठ करून टाका:

१. नाव टाइप करा. वेलांटी, रफार, जोडाक्षरं बरोबर दिसतायत का ते तपासा. दिसत नसतील तर त्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे जाऊच नका, दुसरीकडे टाइप करून आकार आणा.
२. मजकुराचं आकारात रूपांतर करा. यानंतर स्पेलिंग बदलता येत नाही, म्हणून एक प्रत बाजूला ठेवा.
३. सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे एक करा. शिरोरेषा आता खरोखर सलग होते.
४. केक टॉपर असेल तर खालची काडीसुद्धा याच वेळी जोडून वेल्ड करा.
५. आता ऑफसेट द्या.
६. मागच्या थरातली नको असलेली भोकं काढा.
७. माप तपासा आणि मगच मशीनकडे पाठवा.

अंतर किती द्यायचं? अंदाज नको, हिशोब करा

“तीन-चार मिमी दे, छान दिसतं,” असं सगळे सांगतात. पण टिंब टिकणार की नाही हे दिसण्यावर ठरत नाही.

आमच्या बोर्डवरचं टिंब ६ मिमी रुंद होतं, म्हणजे त्रिज्या ३ मिमी. शिरोरेषा आणि टिंब यांच्यात ३ मिमी फट होती. आता बघा:

- १ मिमी ऑफसेट: दोन्हीकडून १-१ मिमी भरलं. मध्ये १ मिमी फट शिल्लक. टिंब सुटंच.
- १.५ मिमी ऑफसेट: फट बुजली, पण टिंब आणि शिरोरेषा फक्त एका बिंदूत टेकतात. स्क्रीनवर जोडलेलं दिसेल, हातात घेतलं की तुटेल.
- २ मिमी ऑफसेट: टिंबाची त्रिज्या झाली ५ मिमी. त्याचा मध्य शिरोरेषेच्या नव्या कडेपासून ४ मिमीवर. शाळेतला ३-४-५ त्रिकोण आठवा. जोडाची अर्धी रुंदी ३ मिमी, म्हणजे पूर्ण जोड ६ मिमी रुंद!

१.५ आणि २ मध्ये फरक फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, पण एकीकडे जोड शून्य आणि दुसरीकडे ६ मिमी. पुढे ३ मिमी दिला तर जोड साधारण १०.४ मिमी होतो.

एवढं गणित दर वेळी करायची गरज नाही. सोपा नियम असा: सर्वात मोठी फट मोजा, तिचं अर्धं करा आणि वर किमान अर्धा ते एक मिमी वाढवा. टिंब खूपच बारीक असेल तर अजून थोडं वाढवा, कारण जोडाची रुंदी टिंबाच्या आकारावरही अवलंबून असते. आणि हो, हे डिझाइन शेवटच्या मापाला आणल्यावरच करा. आधी ऑफसेट देऊन नंतर अख्खं डिझाइन अर्धं केलं, तर जोडही अर्धा होतो.

एककाकडेही लक्ष द्या. सॉफ्टवेअर इंचात असेल आणि तुम्ही ०.२५ ठेवलं, तर ते पाव मिलिमीटर नाही, पाव इंच आहे, म्हणजे ६.३५ मिमी. छोट्या टॉपरवर एवढी आउटलाइन दिली की अक्षरांचा बटाटा होतो.

गोल कोपरा की टोकदार?

जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय असतो. गोल कोपऱ्यात नाणं टोकाभोवती वळसा घेतं, त्यामुळे अंतर सगळीकडे सारखं राहतं. टोकदार पर्यायात दोन्ही कडा सरळ पुढे वाढवून जिथे भेटतील तिथे टोक काढतात.

आता ३० अंशाचं एक अणकुचीदार टोक घ्या आणि ५ मिमी ऑफसेट द्या. टोकदार पर्यायात नवं टोक मूळ टोकापासून ५ नाही, तर सुमारे १९.३ मिमी लांब जातं. म्हणून काही सॉफ्टवेअर मर्यादेपलीकडे गेलेलं टोक आपोआप छाटतात. कॅलिग्राफीसारख्या फॉन्टमध्ये अशी टोकं भरपूर असतात. नावांसाठी मी डोळे झाकून गोल निवडतो. चौकटी, पेट्या, घराचे आकार असतील तर टोकदार चांगला दिसतो.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे सापडेल?

इंकस्केप: मोफत आहे आणि मराठी युनिकोड नीट दाखवतं. पाथ मेन्यूमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, अक्षरांचा ग्रुप सोडवा, मग ‘युनियन’ करा. त्यानंतर ‘आउटसेट’ आणि ‘इनसेट’ आहेत, पण ते ठरावीक टप्प्यांनी सरकतात. टप्पा प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतो. माउसने ओढून अंतर ठरवायचं असेल तर ‘डायनॅमिक ऑफसेट’. मूळ आकार बदलला की आउटलाइनही बदलायला हवी असेल तर ‘लिंक्ड ऑफसेट’. नेमक्या मिलिमीटरमध्ये आकडा टाकायचा असेल तर पाथ इफेक्ट्समधला ‘ऑफसेट’ वापरा, तो २०२० साली आलेल्या १.० आवृत्तीपासून आहे.

सिल्हूट स्टुडिओ: मॉडिफाय पॅनेलमध्ये ‘वेल्ड’, मग ऑफसेट पॅनेल. तिथे बाहेरचा आणि आतला असे दोन्ही ऑफसेट मिळतात, गोल किंवा टोकदार कोपऱ्यासह. ऑफसेट मोफत बेसिक आवृत्तीतही आहे. मात्र एसव्हीजी फाईल उघडायला डिझायनर आवृत्ती लागते. बेसिकवर असाल तर इंकस्केपमधून डीएक्सएफ काढून आणा.

क्रिकट डिझाइन स्पेस: ‘कम्बाइन’ मेन्यूमध्ये वेल्ड, वर टूलबारमध्ये ऑफसेट. मराठी नाव मी इंकस्केपमध्ये तयार करून एसव्हीजी म्हणून आणतो, म्हणजे अक्षरांची मोडतोड व्हायचा प्रश्नच नाही. फाईल आणल्यावर रुंदी-उंची पुन्हा तपासा. सॉफ्टवेअर बदललं की माप बदलू शकतं.

कोरल ड्रॉ: रेडियम आणि फ्लेक्सवाल्यांचं लाडकं. आधी ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह’, मग ‘वेल्ड’, मग ‘कंटूर’ टूल, बाहेरच्या दिशेने, एकच स्टेप. शेवटी ‘ब्रेक कंटूर अपार्ट’ करायला विसरू नका, नाहीतर आउटलाइन वेगळी होत नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. कोरलमध्ये ‘कंटूर’ म्हणजे ऑफसेट. क्रिकटमध्ये ‘कंटूर’ म्हणजे आतल्या नको असलेल्या कापरेषा लपवणं. शब्द एक, काम वेगळं. व्हिडिओ बघताना तो कोणत्या सॉफ्टवेअरचा आहे ते आधी पाहा.

मागच्या थरातली भोकं

मागचा थर बहुतेक वेळा भरीव हवा असतो. त्यात ‘द’ किंवा ‘व’ची भोकं राहिली तर चिकटवताना जुळवत बसावं लागतं. सिल्हूटमध्ये ‘रिलीज कंपाउंड पाथ’ करून आतले आकार पुसा, इंकस्केपमध्ये ‘ब्रेक अपार्ट’ करून, आणि क्रिकटमध्ये वर सांगितलेलं ‘कंटूर’ वापरून. पुढच्या थराला मात्र हात लावू नका, तिथे भोकं हवीतच.

किनार नको असेल तर? बाहेर जा आणि परत या

काही गिऱ्हाइकांना मागचा थर नको असतो, फक्त एकाच रंगाचं नाव हवं असतं. मग टिंब कसं धरायचं? बहीण आधी हाताने छोटा आयत काढून टिंब जोडायची. ते ठिगळासारखं दिसतं.

त्याऐवजी हे करा. वेल्ड केलेल्या नावाला गोल कोपऱ्याने ३ मिमी बाहेर ऑफसेट द्या. मग जे तयार झालं त्याला ३ मिमी आत ऑफसेट द्या. जाडी जवळपास मूळ जागी परत येते, पण बुजलेली फट पुन्हा पूर्ण उघडत नाही. आमच्या टिंबाच्या मापात सुमारे ४.४ मिमी रुंदीचा छान वळणदार पूल राहतो. २ बाहेर आणि २ आत केलं तर पूल २ मिमीचा.

याची किंमतही सांगतो. बाहेर जाताना जी लहान भोकं बुजली, ती परत येत नाहीत. बारीक अक्षराचं पोट भरून जाऊ शकतं. म्हणून मोठ्या, ठळक नावांवरच हे वापरा, आणि शेवटी मूळ नाव शेजारी ठेवून वाचून बघा. मुंबईच्या एक टाइपचे ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ हे मोफत, खुल्या परवान्याचे फॉन्ट यासाठी चांगले आहेत. त्यातल्या ठळक जाड्या निवडा. विक्रीच्या वस्तूंवरही ते वापरता येतात.

कापण्याआधीची दोन मिनिटांची चाचणी

नावाची एक प्रत घ्या आणि तिला ०.७५ मिमी आतला ऑफसेट द्या. जो भाग गायब झाला तो १.५ मिमीपेक्षा बारीक होता, म्हणजे कार्डशीटमध्ये तो फाटायची शक्यता जास्त. तिथे जाड फॉन्ट घ्या किंवा माप वाढवा. प्रत पुसून टाका. कागद न घालवता कच्चा दुवा सापडतो.

दुसरी चाचणी आणखी सोपी. शेवटच्या आकाराला एखादा रंग भरा आणि ‘ब्रेक अपार्ट’ करून बाहेरचे तुकडे मोजा. एका शब्दाच्या मागच्या थरात बाहेरचा तुकडा एकच निघाला पाहिजे. दोन निघाले तर एक टिंब कुठेतरी पळायच्या तयारीत आहे.

शेवटी

माझ्या बहिणीने ‘आनंदी’ पुन्हा कापलं. २.५ मिमी ऑफसेट, पांढरा मागचा थर, वर सोनेरी नाव. टिंब पांढऱ्या थरावर शिरोरेषेला धरून बसलं. पैसे न घेता ती स्वतः जाऊन देऊन आली. घरच्यांनी जुना बोर्डही ठेवून घेतलाय, टिकलीसकट. म्हणाले, मोठी झाल्यावर तिला दाखवू.

आता तिच्या मशीनजवळच्या भिंतीवर एक चिठ्ठी आहे: “वेल्ड, ऑफसेट, तुकडे मोज, नाव मोठ्याने वाच.” शेवटचं काम कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही. ते आपणच करायचं.